कपाटामागचा कोनाडा

सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान माझा फोन वाजला, की समजायचं सांगली-मिरजेत कुणीतरी अर्धवट उठलंय. कंपनीच्या कागदावर मी क्षेत्रीय सेवा अभियंता पद्मजा मगदूम. लोकांच्या तोंडी पेटीवाली बाई. मला दुसरंच नाव जास्त आवडतं, कारण त्यात काम काय आहे ते तरी कळतं.

ज्यांना पेटी ठाऊक नाही असं घर आता विरळाच, पण तरी सांगते. नवी आठवण तयार करणारा मेंदूतला भाग अगदी लहान असतो, दोन्ही कानांच्या आत खोलवर. मेंदूज्वरानं किंवा आघातानं तो गेला, की जुनं सगळं शाबूत राहतं आणि नवं काही टिकत नाही. सकाळचा चहा दुपारी आठवत नाही. यावर उपाय निघाला तो कानामागं कवटीत बसवायच्या चकतीचा. ही चकती दिवसभर मेंदूतले ठसे टिपते. पण टिपलेलं ठेवायचं कुठं? चकतीत जास्त जागा दिली तर ती तापते, आणि मेंदूला एक अंशाची जास्तीची ऊबसुद्धा सोसत नाही. म्हणून साठा बाहेर ठेवला, घराच्या माळ्यावरच्या पेटीत. माणूस झोपला की चकती बंद होते, गार होते. सकाळी ती सुरू होते, घरच्या नेटवर्कवरून पेटी शोधते आणि पेटीतला सगळा साठा आपलाच असल्यासारखा जोडून घेते. याला आम्ही माउंट होणं म्हणतो. आपल्या आठवणी माळ्यावर आहेत हे त्या माणसाला जाणवतसुद्धा नाही.

आता यातली जुनी दुखणी ऐका. चकती जागी होते सहा चाळीसला आणि राऊटर महाराज उठतात सहा एकेचाळीसला. चकतीनं हाक मारली, पेटीनं ओ दिली नाही, माउंट चुकलं. कधी पेटीचा पत्ताच बदललेला असतो, कधी उंदरानं वायर खाल्लेली असते. पहिल्या काळातल्या चकत्यांना शिकवलं होतं की साठा जोडला जात नाही तोवर माणसाला पूर्ण जागं करायचंच नाही. कुपवाडचे एक निवृत्त मास्तर असे दुपारी बारापर्यंत उघड्या डोळ्यांनी पडून राहिले होते, अंथरूण खराब झालेलं, सून दारात रडत उभी. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी सेटिंग धुंडाळली आणि त्यात एक ओळ सापडली: जोडणी झाली नाही तर थांबू नको, पुढं चल.

तीनशे चाळीस घरांत मी ती ओळ माझ्या हातानं घातली. कंपनीला विचारलं नाही. त्यानंतर माउंट चुकलं तरी माणूस उठायचा. फक्त त्याला आजारानंतरचं काही आठवायचं नाही. घरचे कानामागं दहा सेकंद चुंबक धरायचे, त्याला डुलकी लागायची, चकती पुन्हा सुरू व्हायची आणि दोन मिनिटांत सगळं ठीक. तक्रारी निम्म्यावर आल्या. इतर तालुक्यांतली कंपनीची पोरंही माझीच ओळ वापरायला लागली आणि मी ताठ मानेनं फिरायला लागले.

विश्रामबागच्या चौगुल्यांच्या घरून मात्र फोन कधीच आला नाही. महिन्यात तीनदा माउंट चुकलं की माझ्या मोबाइलवर लाल खूण येते, तशा बऱ्याच साचल्यावर मी आपण होऊन गेले. शीतल चौगुले म्हणजे पुरुष, बरं का. आमच्या जैनांत शीतलनाथ तीर्थंकरांवरून मुलाचं नावही शीतल ठेवतात, आणि पुणे-मुंबईचे लोक त्याच्या नावापुढं श्रीमती लिहून मोकळे होतात. वय पंचावन्न. हळदीच्या बाजारात हळदीची प्रत ठरवायचं काम. सहा वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला, पाच वर्षांपूर्वी पेटी बसली.

मी गेले तेव्हा ते बैठकीत आप्पे खात बसले होते आणि भलतेच खुशीत होते.

"या की ताई, बसा. वृषाली, ताईंना पण आण गं गरम गरम."

त्यांच्या पत्नी, वृषालीताई, आप्प्यांची ताटली घेऊन आल्या. गोरटेल्या, हडकुळ्या, डोळ्यांत पाणी तरारलेलं. मला वाटलं गॅसपुढच्या धगीनं असेल. मी राऊटर बघितला, तर बटणच बंद.

"बस्तीतल्या देवाचं दर्शन करून आल्याशिवाय मी सकाळी कुठल्या बटणाला हात लावत न्हाई," त्या म्हणाल्या. "रात्री सगळं बंद करून झोपायचं आणि देवाआधी काही सुरू करायचं न्हाई. सासूबाईंचं वळण हाय ते."

मला हसूच आलं. माझी आईसुद्धा रात्री फ्रिज बंद करायची. मी म्हटलं, "देव काही राऊटरवर रुसायचा नाही. तेवढं एक बटण चालू राहू दे," आणि ते दाबलं.

तेवढ्यात शीतलरावांनी बोलायला सुरुवात केली. "आमची राजुल मंगळुरूला असते. दातांची डॉक्टर व्हायलीय. खोलीतली मुलगी उडुपीची, ती हिला रोज नारळ घालून कायतरी खायला घालते. मागल्या महिन्यात ताप आला हुता पोरीला, पण आमाला सांगितलं न्हाई. मागनं कळालं."

मी चुंबक लावला. त्यांनी डोळे मिटले. दोन मिनिटांनी उघडले तेव्हा समोर दुसराच माणूस होता. त्यांनी आधी भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग उरलेल्या आप्प्यांकडं. "किती वाजले?" एवढंच विचारलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

वृषालीताईंनी कपाटातून एक फोटो काढला आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. चौदा-पंधरा वर्षांची हसरी मुलगी. फोटोला चंदनाचा हार.

"राजुल," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. क्लासला उशीर झाला म्हणून हे गाडीवरून सोडायला निघाले. ओढणी चाकात गेली. ते सगळं पेटीतच हाय. पेटी जोडली न्हाई तर ह्यांना ते ठाऊकच नसतंय. मग उगं कशाला सांगायचं, म्हणून न्हाई सांगत त्या दिवशी."

यात वाईट काय होतं? मीही तेच केलं असतं. मी त्यांचा हात हातात घेतला, चार धीराचे शब्द बोलले आणि निघाले. पण स्कूटरवर बसल्यावर एक गोष्ट मनात टोचायला लागली. पेटी जोडली नाही तर शीतलराव सहा वर्षांपूर्वीच्या सकाळी उठायला हवेत. त्यांच्या लेखी राजुल बारा वर्षांची, सहावीत. मंगळुरू, उडुपीची मुलगी, मागच्या महिन्यातला ताप, हे एका सकाळीत सांगून होत नाही. त्यांना ते आठवत होतं.

कचेरीत येऊन मी त्यांच्या चकतीची नोंद उघडली आणि कोडं उलगडलं.

समजा भिंतीत एक कोनाडा आहे. त्याच्यापुढं रोज एक मोठं कपाट आणून उभं करायचं ठरलंय. सगळं सामान कपाटात. एखाद्या दिवशी कपाट आलंच नाही तर माणूस काय करतो? हातातलं सामान कोनाड्यात ठेवतो. दुसऱ्या दिवशी कपाट येतं आणि कोनाड्यापुढं उभं राहतं. कोनाड्यातलं सामान कुणी टाकत नाही, कुणी हलवत नाही. ते तिथंच असतं, फक्त दिसत नाही. आणि पुढं कधी कपाट आलं नाही की माणसाला पहिल्यांदा काय दिसतं? मागच्या वेळी कोनाड्यात ठेवलेलं सामान. कॉम्प्युटरवाल्यांना हा खोडा पूर्वीपासून ठाऊक आहे. जोडणी झाली नाही तर लिहिलेलं सगळं जोडणीच्या जागेखाली जातं आणि जोडणी झाली की झाकलं जातं. फायलींच्या बाबतीत आम्ही त्याला चूक म्हणत होतो. माणसाच्या बाबतीत काय म्हणायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं, कारण माझ्या ओळीआधी तसं घडतच नव्हतं. पूर्वी माणूस उठतच नव्हता ना.

शीतल चौगुल्यांच्या कोनाड्यात एक्केचाळीस दिवस होते. एकाला एक जोडलेले. त्या दिवसांना पेटी ठाऊक नव्हती, तशी पेटीलाही ते दिवस ठाऊक नव्हते. त्या दिवसांतल्या माणसाची मुलगी जिवंत होती.

मी माझ्या समजुतीनं दुरुस्ती केली. चकतीला दोन मिनिटं वाट बघायला सांगितलं. पेटीचा पत्ता कायमचा बांधून टाकला. राऊटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वृषालीताईंकडून देवाची शपथ घेतली. तीन आठवड्यांनी पुन्हा लाल खूण आली. गेले, तर चिकटपट्टी जागच्या जागी आणि भिंतीतला प्लग उपसलेला. "झाडताना निघाला असंल," त्या म्हणाल्या आणि पुढ्यात आप्पे ठेवले.

मी प्लग लावला आणि चुंबक काढला, तसे शीतलराव मागं सरकले.

"ताई, एक विचारू का? राग मानू नका. तुमी हे लावलं की मी जातो कुठं?"

"कुठं नाही. डुलकी लागते."

"न्हाई. मागल्या येळेला तुमी लावलात तवा मी आप्पे खात हुतो. डोळे उघडले तर आंथरुणात, आन् पाच दिवस गेलेले. मी काय केलं त्या पाच दिवसांत? वृषाली म्हणती झोपलावता." त्यांनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती. "आज नको. संध्याकाळी राजुलचा फोन यायचाय. एवढा दिवस ऱ्हाऊ द्या."

मी चुंबक लावला. नोकरी म्हणून लावला, नियम म्हणून लावला, पण लावला. एखाद्याचा गळा दाबल्यावर वाटेल तसं मला वाटलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघरात आप्पेपात्र गॅसवरच होतं. ताटली घेता घेता मी थांबले. नोंदी तपासायला मी मध्ये दोनदा आले होते, पेटी नीट जोडलेली असताना. त्या दोन्ही वेळी पोहे मिळाले होते. आणि माउंट चुकलेल्या प्रत्येक सकाळी आप्पे. आता आप्प्यांचं पीठ काही सकाळी उठून होत नाही. तांदूळ-डाळ आदल्या दिवशी भिजवायची, संध्याकाळी वाटायची, रात्रभर आंबवायची. म्हणजे उद्या नेटवर्क जाणार हे या बाईला आदल्या दुपारीच ठाऊक असायचं.

"वृषालीताई," मी म्हटलं, "डाळ कधी भिजत घातली होती?"

त्या चटकन उमगल्या. गॅस बंद केला, पदरानं हात पुसले आणि खालीच बसल्या.

"पहिल्यांदा खरंच लाइट गेलती," त्या म्हणाल्या. "हे उठले आन् म्हणाले, राजुल कुठंय? मला सांगवंना. तोंडातनं आलं, मंगळुरूला शिकायला ठेवलीय. तुमी आजारी हुता, तुमाला आठवत न्हाई. आन् ताई, हे हसले. म्हणाले, माझी पोरगी डॉक्टर हुणार? बाजारात पेढे वाटले बघा. तीन वर्षांत ह्या घरात तिचं नाव कुणी घेतलं न्हाई. हे घेऊ देत न्हाईत. माझी पण पोरगी हुती की ती! मला पण बोलायचं असतंय तिच्याबद्दल. त्या दिवशी आमी दोघं बसून तासतासभर तिच्याबद्दल बोलतो. ती काय खाती, कशी ऱ्हाती, दिवाळीला कवा येनार. खोटं हाय, माहीत हाय मला. पण आठवड्यातनं एक दिवस माझं लेकरू जित्तं असतंय."

मला रागवायचं होतं. कसलं काय, मी त्यांच्याजवळ बसून रडले.

पण रडून आकडे बदलत नाहीत. चकतीत जागा साठ दिवसांचीच. प्रवासात पेटी दूर असली तर उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली ती जागा आता त्रेपन्न दिवसांनी भरली होती. साठ भरले की चकती जागा शोधत रात्रंदिवस चालू राहणार, तापणार आणि मेंदू भाजून काढणार. तसे आणखी सातच दिवस हातात होते. कोनाडा रिकामा करायलाच हवा होता, आणि त्या त्रेपन्न दिवसांचा धनी शीतल चौगुले होता. त्याला न विचारता मी ते पुसू शकत नव्हते. एकदा न विचारता ओळ घातली होती, तेवढं पुरे.

त्याच आठवड्यात मी बाकीच्या घरांच्या नोंदीही बघितल्या. तीनशे चाळीसपैकी एकसष्ट घरांत कोनाडे भरत होते. चुकून भरलेले थोडे. जयसिंगपुरात एका सासऱ्याचं माउंट फक्त त्याची भांडखोर लेक माहेरी आली की चुकायचं. तासगावात एका म्हातारीला तिच्या मुलानं एका कागदावर सही होईपर्यंत तीनदा तसं उठवलं होतं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. फट दिसली की माणूस तिथं बोट घालतोच. मी सगळं लिहून कंपनीला कळवलं, माझी चूकही लपवली नाही. वाटलं, नोकरी जाईल. चार दिवसांनी उत्तर आलं. निरीक्षणाबद्दल अभिनंदन, बऱ्याच कुटुंबांना ही सोय हवीशी वाटू शकते, पुढच्या आवृत्तीत यासाठी वेगळं बटण देण्याचा विचार आहे. तोवर रुग्णाची लेखी संमती घेत चला.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग चौगुल्यांकडं गेले, पेटी नीट जोडलेल्या एका दुपारी. शीतलराव दार लावून बसले होते. वृषालीताईंच्या देखतच मी त्यांना सगळं सांगितलं. वृषालीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

शीतलरावांनी कानामागं हात नेला. मग म्हणाले, "मला वाटायचं मला येड लागतंय. दिवस गळायलेत. बाजारातले लोक पेढ्याचं विचारायचे, मी म्हनायचो कसले पेढे. आन् ते माझेच दिवस हायत तर."

"हो. पुसायचे की पेटीत आणायचे, तुम्ही ठरवा."

"आणा," ते म्हणाले.

"सोपं जाणार नाही. एकाच डोक्यात ती वारली हेही आठवेल आणि मंगळुरूला आहे हेही."

"माझे दिवस हायत ताई. आणा."

मी आणले. कोनाडा रिकामा झाला, त्रेपन्न दिवस पेटीत आपापल्या तारखेला जाऊन बसले. चुंबक मी लावला नाही, त्यांनी स्वतः लावला. डोळे उघडले तेव्हा ते वृषालीताईंकडं बघत होते, इतका वेळ की त्या घाबरून म्हणाल्या, "अहो, मारा मला. पण असं बघू नका."

"तू हसत हुतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला हसूच येत न्हाई आता. माझ्याकडं बघितलं की तुला ती ओढणी दिसत असंल. मी तिचं नाव घेऊ देत नव्हतो ते त्यामुळंच. पण तू हसत हुतीस की."

मला वाटलं, झालं. आता ही दोघं गळ्यात पडून रडतील आणि या घरातलं खोटं संपेल. इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून काम केलं, तरी माणसाचा अंदाज मला येत नाही तो नाहीच.

तीन दिवसांनी शीतलराव कचेरीत आले. हळदीनं पिवळी झालेली बोटं टेबलावर ठेवून म्हणाले, "पेटी काढून टाका."

"काढून?"

"कायमची. रुग्णाला तसा हक्क हाय, मी कागद वाचलाय. मला रोज तसंच उठवा. साठ दिवस झाले की तुमी या, कोनाडा पुसा, फिरून पयल्यापासनं." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "ताई, मी तीन वर्षं रोज उठून बघितलं, तो अपघात काय जात न्हाई. तो त्रेपन दिवसांतला मानूस बायकोला हसवतो. मी रडवतो. दोघांतला एकच ठेवायचा तर कुठला ठेवाल तुमी?"

"पण तो खोट्यात जगतो. आणि दर दोन महिन्यांनी मी त्याला मारायचं?"

"त्याला कळतंय कुठं?"

कळतं, मी म्हणणार होते. त्यानं माझं मनगट धरलं होतं, थांबा म्हणाला होता. पण ते तर आता यांनाही आठवत होतं. तेच मनगट धरणारा माणूस समोर बसून सही करत होता. मी कंपनीचं पत्र पुढं सरकवलं आणि स्वतःचीच किळस वाटत संमतीपत्र घेतलं.

वृषालीताईंना मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्यासाठी करायलेत हे. मी मागितलं न्हवतं ताई. मला आठवड्यातनं एक दिवस पायजे हुता. बाकीचे सहा दिवस मला माझा नवरा पायजे हुता." आणि फोन ठेवला. समजावायला म्हणून मी दोनदा त्यांच्या घरी गेले. शीतलराव हसतमुखानं चहा द्यायचे आणि विषय काढू द्यायचे नाहीत. हसतमुखानं, हे मी मुद्दाम सांगते. निघून जायचं ठरलं की माणूस हलका होतो.

पेटी काढायच्या सकाळी नियमाप्रमाणं मला हजर राहावं लागलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी बाजारातले हिशेब दुसऱ्याच्या हवाली केले होते, दाढी केली होती, राजुलचा फोटो स्वतःच्या हातानं उतरवून, कापडात बांधून बायकोकडं दिला होता. मी साडेसहाला पेटीचा प्लग काढला. सहा चाळीसला पलंगावरचा माणूस कुशीवर वळला, उठून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. चेहऱ्यावर कसलंही ओझं नव्हतं.

"वृषाली? अगं, किती बारीक झालीस. बरं न्हाई का तुला?" मग इकडंतिकडं बघत, "राजुल कुठंय?"

हे उत्तर वृषालीताईंना तोंडपाठ होतं. पहिल्या दिवशी नकळत तोंडातून निसटलेलं, पुढं त्रेपन्न दिवस घोटलेलं. मी त्यांच्याकडं बघत उभी होते. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. काही बाहेर आलं नाही. ज्यानं हे मुद्दाम त्यांच्या पदरात टाकलं तो माणूस आता कुठंच नव्हता, रागवायला नाही आणि माफी मागायलाही नाही. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या खोलीबाहेर गेल्या.

शीतलरावांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते मला ओळखत नव्हते.

"तुमी कोण? ती का रडायलीय? राजुलला काय झालंय का?"

मला खरं सांगता आलं असतं. पेटी हातात होती, प्लग पायाशी होता. दोन मिनिटांत मी त्यांना सगळं परत देऊ शकत होते, आणि त्यांनीच सही करून ते नको म्हटलं होतं. त्यांचे डोळे मोठे झाले होते. बाप आहे तो. त्याला एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती सांगायला त्या घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"काही नाही झालं," मी म्हणाले. "मी तिच्या शाळेतली. राजुल पोचली. आज मीच घेऊन गेले तिला."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि हसले. किती छान हसला तो माणूस.

"उपकार झाले बाई," ते म्हणाले. "उद्यापासनं तुमाला तरास नको. उद्या मी सोडतो तिला गाडीवरनं."